भूमी आणि आघातमुक्ती : कॅनडातील क्री समाजाचा अनुभव

मानसिक आघात ही व्यक्तीच्या मनात घडणारी घटना मानून त्यावर बंद खोलीतील संवादातून उपचार करावयाचा, ही आधुनिक मानसोपचाराची रूढ पद्धत होय. परंतु आघात संपूर्ण समाजावर आणि शासकीय धोरणातून झालेला असेल, तर ही पद्धत कितपत पुरी पडते? क्वेबेक प्रांताच्या उत्तरेस, जेम्स उपसागराच्या काठी राहणाऱ्या क्री या मूलनिवासी समाजाचा अनुभव या संदर्भात अभ्यासण्याजोगा आहे.

कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1990 च्या दशकापर्यंत किमान दीड लाख मूलनिवासी मुलांना निवासी शाळांत ठेवण्यात आले. तेथील उपासमार, मातृभाषा बोलल्याबद्दलच्या शिक्षा आणि लैंगिक अत्याचार यांची नोंद सत्य आणि सलोखा आयोगाने 2015 मध्ये केली व या व्यवस्थेस 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटले. क्री मुलांच्या अशा शाळा फोर्ट जॉर्ज बेटावर होत्या. आईवडील शिकारीसाठी रानात आणि मूल शाळेत, या ताटातुटीत केवळ घर सुटले नाही. बर्फ कसा पारखावा, सापळा कोठे लावावा, मारलेल्या प्राण्याचा मान कसा राखावा, हे शिकण्याचे वयच निघून गेले. ही मुले पुढे आईबाप झाली तेव्हा मुलांना देण्याजोगे त्यांच्यापाशी फार थोडे उरले होते. लाकोटा संशोधिका मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी मांडलेली 'ऐतिहासिक आघात' ही संकल्पना अशाच पिढीजात हानीचा उलगडा करते.

क्री भाषेत 'आरोग्य' या अर्थाचा नेमका शब्द नाही. जवळचा शब्द 'मियुपिमातिसीऊन', म्हणजे 'चांगल्या रीतीने जिवंत असणे'. मानववंशशास्त्रज्ञ नेओमी अॅडेलसन यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे शिकार करता येणे, रानातले अन्न मिळणे व अंगात ऊब असणे, हे सारे त्यात अंतर्भूत आहे. मराठीत 'जमीन' म्हटले की सातबाराचा उतारा आठवतो. क्री विचारात भूमी ही मालकीची वस्तू नसून नात्यातील एक पक्ष आहे.

चिसासिबी या गावाने 2012 पासून चालविलेला भूमी-आधारित उपचाराचा उपक्रम याच विचारावर उभा आहे. तरुणांना रानातील तळावर नेले जाते. लाकूड फोडणे, जाळे टाकणे, पाणी आणणे ही कामे ज्येष्ठांसोबत करावयाची आणि बोलणे ओघाने येईल तेव्हा होऊ द्यावयाचे. समोरासमोर बसून दुःख उच्चारण्याची सक्ती येथे नाही. हात कामात गुंतल्यावर जीभ मोकळी होते, हे ज्याने शेतात काम केले आहे त्यास वेगळे सांगावे लागणार नाही.

अशा उपक्रमांचे यश मोजणे अवघड असते. तरीही मायकेल चँडलर व ख्रिस्तोफर लालोंद यांचा ब्रिटिश कोलंबियातील 1998 चा अभ्यास विचारात घ्यावा लागतो. भूमीचे दावे, स्वशासन, शिक्षण, आरोग्य आदी सहा बाबींत पुढाकार घेतलेल्या समूहांत, अभ्यासलेल्या कालखंडात, तरुणांची एकही आत्महत्या आढळली नाही. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाची सिद्धता नव्हे. मात्र त्यातून एक गोष्ट सूचित होते : भूमीशी नाते आणि भूमीवरील अधिकार वेगळे काढता येत नाहीत.

चिसासिबीत हे प्रकर्षाने जाणवते. ला ग्रांद नदीवरील जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध क्री समाज न्यायालयात गेला. पुढे 1975 मध्ये करार झाला. बेटाची धूप होण्याच्या भीतीने फोर्ट जॉर्जच्या रहिवाशांना 1980 च्या सुमारास नदीकाठच्या नव्या वसाहतीत, म्हणजेच चिसासिबीत, हलविण्यात आले. जलाशयांत बुडालेल्या माती-वनस्पतींतील पाऱ्याचे जिवाणूंमुळे मिथाइल पाऱ्यात रूपांतर होऊन तो माशांत साठला, आणि पूर्वापार खाल्ले जाणारे मासे बेताने खावेत असे लोकांना सांगण्याची वेळ आली. वीजनिर्मितीसाठी पाणी हिवाळ्यात सोडले जाऊ लागल्याने नदीचा त्या ऋतूतील प्रवाह कित्येक पटींनी वाढला. त्यामुळे नदीमुखाजवळील बर्फ पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही. बर्फ पारखण्याची जी विद्या शाळेने हिरावली, ती परत देऊ पाहणाऱ्या ज्येष्ठांना या नदीवरचा बर्फ आधी स्वतः नव्याने शिकावा लागला.