हंसाचीं पिलें आणि मृगाचा पाऊस

शेतकऱ्याच्या अंगणांत कोंबडी असतेच, क्वचित् बदकही असतें. परंतु पाळीव हंस, ज्यास कोणी राजहंसही म्हणतात, फार थोड्या घरीं दिसतो. वस्तुतः हा पक्षी गवतावर वाढणारा, दीर्घायुषी व उत्तम पहारेकरी आहे. इ. स. पूर्वीं ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्रीं रोमच्या टेकडीवर चढत असतां हंसांच्या ओरडण्यानें रोमन शिपाई जागे झाले, ही रोमन इतिहासकारांनीं सांगितलेली कथा प्रसिद्धच आहे. आमच्या मुळशी तालुक्यांत बांधावरील गवताची उणीव नाहीं. तरी येथें हंसाचीं पिलें वाढविणारानें एक गोष्ट आधीं लक्षांत ठेविली पाहिजे. ती आम्हांस नुकसान सोसून कळली.

पहिल्या वर्षीं आम्हीं एका स्नेह्याकडून अंडीं आणिलीं व एप्रिलच्या अखेरीस तीं खुडूक कोंबडीखालीं ठेविलीं. मेच्या अखेरीस पांच पिलें निघालीं. तीं अडीच आठवड्यांचीं झालीं तोंच पावसाची झड लागली. पिलें पागोळ्यांखालीं जाऊन पाण्यांत खेळूं लागलीं. कोंबडी पडवींतून बोलावीत राहिली. तिसऱ्या दिवसापर्यंत चार पिलें गारठून मेलीं. पाण्यावर राहणाऱ्या पक्ष्याचें पिलूं पाण्यानें मरावें, याचा आम्हांस मोठा अचंबा वाटला.

कारण पुढें समजलें. हंसीच्या पंखाखालीं वाढणाऱ्या पिलांच्या लवेस तिच्या पिसांवरील तेलकट लेप लागतो व पाणी आंत शिरत नाहीं. कोंबडीच्या पिलांस तो लाभ मिळत नाहीं. शिवाय हंसाचें पिलूं इतक्या झपाट्यानें वाढतें कीं, दोन-तीन आठवड्यांत तें कोंबडीच्या पंखाखालीं मावत नाहीं. अशा वेळीं लव भिजली कीं अंगांतील ऊब जाते. खरीं पिसें अंगभर फुटण्यास सुमारें आठ आठवडे लागतात.

आमचें आयुष्य सरकारी दप्तरांत गेलें. मुदतीचा हिशोब मागें मोजीत जाण्याची संवय आहे. तोच हिशोब येथें लावावा. मृग नक्षत्र बहुधा ७ किंवा ८ जूनला लागतें. त्यापूर्वीं पिसें फुटण्याचे ५६ दिवस व उबवणीचे सुमारें ३० दिवस, मिळून ८६ दिवस मागें मोजले म्हणजे १३ मार्च येतो. यानंतर अंडीं बसवूं नयेत. पौडाहून ताम्हिणीकडे जावें तसतसा पाऊस वाढत जातो. त्या बाजूच्या शेतकऱ्यांनीं आणखी आठ दिवस आधीं बसविणें बरें.

अंडीं सात दिवसांहून जुनीं नसावींत व धुऊं नयेत. गांवठी कोंबडीखालीं चार, फार तर पांच ठेवावींत. कोंबडीची उबवण २१ दिवसांची, बदकाची २८ दिवसांची व हंसाची २८ ते ३१ दिवसांची असते. म्हणून नुकतीच खुडूक झालेली कोंबडी निवडावी व शक्य तर दुसरी हाताशीं ठेवावी. बसविण्यापूर्वीं कोंबडीच्या उवांचा बंदोबस्त करावा, व रोज एकदां तिला दाणा-पाण्यासाठीं उठवावें.

हंसाचें अंडें जड असल्यानें कोंबडीस तें नीट फिरवितां येत नाहीं. एका अंगास कोळशाची खूण करून दिवसांतून तीन वेळां आपणच तें उलटावें. दहाव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत विजेरीवर धरून पाहावें. आंत तांबड्या शिरांचें जाळें दिसलें तर जीव धरला आहे, स्वच्छ दिसलें तर काढून टाकावें. शेवटच्या आठवड्यांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा द्यावा. अखेरचे तीन दिवस अंडीं हलवूं नयेत. टरफलास छिद्र पडल्यावर पिलूं बाहेर येण्यास एक दिवसही लागतो. उतावीळपणें टरफल सोलल्यास रक्तस्राव होऊन पिलूं दगावतें.

जन्मल्यावर ज्या हालत्या प्राण्याचा सहवास प्रथम घडतो, त्यालाच हें पिलूं आई मानतें. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनीं रानहंसांच्या पिलांवर याचा अभ्यास करून १९३५ सालीं तो प्रसिद्ध केला. पुढें १९७३ चें नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत ते एक होते. म्हणून पिलें कोंबडीजवळच राहूं द्यावींत. मुलांनीं तीं सारखीं हाताळूं नयेत.

खालीं गुळगुळीत कागद न घालतां पेंढा पसरावा, नाहीं तर पाय फाकतात. पाण्याचें भांडें नाकपुड्या बुडतील इतकें खोल, पण आंत उतरतां येणार नाहीं असें असावें. भिजविलेली कणी, गव्हाचा व भाताचा कोंडा आणि कोंवळें चिरलेलें गवत हें चांगलें खाद्य होय. नुसत्या मक्याच्या भरड्यावर ठेविल्यास नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावीं पाय अधू होतात. कोंड्यानें ती उणीव पुष्कळ भरून निघते. कोंबडीच्या पिलांसाठीं विकलें जाणारें औषधमिश्रित खाद्य हंसाच्या पिलांस बाधण्याचा संभव असतो, म्हणून घेतांना चौकशी करावी. रात्रीं मुंगूस व रानमांजर यांपासून खुराडें बंदिस्त ठेवावें. मोठे झालेले पक्षी भाताच्या रोपांच्या वाफ्यांत मात्र सोडूं नयेत. त्यांस गवत व रोप यांतील भेद कळत नाहीं.

रानांतील किंवा जलाशयाकांठचीं जंगली पक्ष्यांचीं अंडीं कोणीं उचलूं नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें निषिद्ध आहे.

आमचें पांचवें पिलूं चुलीजवळच्या टोपल्यांत वांचलें व पुष्कळ वर्षें अंगणाचा पहारा करीत राहिलें. त्या एकासाठीं चार गमवावीं लागलीं. ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनीं अंडीं आणण्यापूर्वीं पंचांग पाहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.