लग्न वर्ध्यात, जेवण समुद्रपुरात

लग्नाची पत्रिका हाती पडली की आपली माणसे दोनच गोष्टी आधी पाहतात. लग्न किती वाजता आणि जेवण कुठे. त्या हिशेबाने जांबहून, गिरडहून, नंदोरीहून मंडळी निघतात. पण पत्रिकेवर लग्नाची वेळच नसेल, ‘विवाह नोंदणी पद्धतीने झाला आहे, स्नेहभोजनास यावे’ एवढेच असेल, तर घरोघरी कुजबुज सुरू होते. पळून लग्न केले काय? घरच्यांना मान्य नव्हते काय? त्रिशरण-पंचशील घेतले की नाही? आईबापांना याची उत्तरे देता देता पुरेवाट होते. म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

नोंदणीचे लग्न म्हणजे चोरीचे लग्न, ही समजूत आधी सोडली पाहिजे. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांचा डॉ. शारदा कबीर म्हणजेच माईसाहेब यांच्याशी विवाह झाला तो नोंदणी पद्धतीनेच, दिल्लीतील त्यांच्या निवासस्थानी, मोजक्या माणसांसमोर. त्या वेळी ते देशाचे कायदामंत्री होते. थाटमाट करायचा असता तर त्यांना कोण अडवणार होते? त्याआधी कितीतरी वर्षे, रमाईंशी त्यांचे लग्न लागले ते भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, रात्री. आणि आणखी मागे गेलो तर महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात भटजीशिवाय पहिले लग्न लावले, तेही अत्यंत कमी खर्चात. हा वारसा आपला आहे. डीजे, घोडा आणि फटाके हा नाही.

खर्चाचे बोलायचे तर आपल्या भागात ते मोकळेपणाने बोलले पाहिजे. तालुका कापूस-सोयाबीनचा. २००६ साली पंतप्रधानांच्या मदत योजनेत विदर्भाचे जे सहा जिल्हे घेतले गेले त्यांत वर्धा होता. नापिकीचे कर्ज सरकार कधीतरी माफ करते, लग्नाचे कर्ज कोणी माफ करीत नाही. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयाबहिणींना मुलांची लग्ने घाईने उरकू नका, असे सांगितले होते. स्वतःच्या पायावर उभे राहिलेले मुलगा-मुलगी स्वतःच्या कमाईतून कार्यालयात लग्न करून गावाला जेवण देत असतील, तर आम्हांला त्यात कमीपणा दिसत नाही.

आता कायद्याचे. येथे चूक महागात पडते. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्धांनाही लागू आहे. पुष्कळांना हे पटत नाही, पण कायदा तसा आहे. या कायद्याखाली विधी न करता नुसते प्रमाणपत्र काढले तर ते लग्न ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे मार्ग दोनच. एक, सकाळी विहारात दहा-वीस माणसांत बौद्ध पद्धतीने विवाह करायचा, फोटो काढायचे, आणि १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी करायची. अर्जावर विवाह लावणाऱ्या बौद्धाचार्यांची सही लागते, तेव्हा ती त्याच दिवशी घेऊन ठेवावी. दुसरा मार्ग विशेष विवाह कायदा, १९५४ चा. त्यात धर्मविधीची गरज नाही. वधू-वरांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेले असावे, जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी, ती ३० दिवस लागते, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. जातीबाहेरचे लग्न असेल तर बहुतेक जोडपी हाच मार्ग धरतात. राज्य शासनाच्या आंतरजातीय विवाह प्रोत्साहन योजनेची २०१० पासून ५० हजार रुपये झालेली मदतही समाजकल्याण विभागाकडे विचारून पाहावी.

या ३० दिवसांतच खरी गोची होते. नोटीस दिल्या दिवशीच हॉल ठरवला, पत्रिका छापल्या, आणि कोणी हरकत घेतली तर? हरकतीच्या चौकशीला अधिकाऱ्याला आणखी ३० दिवस मिळतात. शिवाय नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून नोटीस. म्हणून आमचे सांगणे असे, की प्रमाणपत्र हाती आल्यावरच पत्रिका छापायला टाकावी. मुहूर्ताचे बंधन आपल्याला नाहीच. कापसाचे चार पैसे घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, ६ डिसेंबर सोडून कुठलीही सायंकाळ धरावी. मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात दुपारच्या पंगती बसवणे म्हणजे पाहुण्यांना शिक्षाच.

पत्रिकेत लपवाछपवी नको. वर ‘नमो बुद्धाय, जयभीम’, खाली विवाह कोणत्या तारखेला, कोठे, कोणत्या कायद्याने झाला ते एका ओळीत, मग स्नेहभोजनाची वेळ, आणि शेवटी ‘आहेर आणू नये’. ‘लग्नास यावे’ असे मात्र छापू नये. नाहीतर लोक फुलांच्या पाकळ्या हातात घेऊन मंगल गाथेची वाट पाहत बसतात आणि जेवण थंड होते.

कार्यक्रम कसा करावा याबद्दल मतभेद आहेत. काही जण स्टेजवर पुन्हा हार घालून लग्न लावल्यासारखे करतात. आम्हांला ते आवडत नाही. लग्न झालेले आहे, त्याचे नाटक कशाला? भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्प वाहावे, सर्वांनी उभे राहून त्रिशरण-पंचशील घ्यावे, घरातल्या मोठ्या माणसाने दोन शब्दांत नव्या जोडप्याची ओळख करून द्यावी. वीस मिनिटे पुरे. मग पाने वाढावीत. वरण-भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. एवढ्यावर कोणी उपाशी जात नाही. शंभर माणसांमागे आठ-दहा किलो तांदूळ आचारी सांगतो, पण आपल्याकडे बोलावलेल्या घरामागे माणसे किती येतील हे आचाऱ्यापेक्षा घरच्या बायांनाच नीट कळते. यादी त्यांच्या हाती द्यावी. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करावाच लागतो, तेव्हा सहाला सुरुवात केलेली बरी.

सगळ्यांत अवघड बाजू रुसव्याफुगव्यांची. वधूला मांडवात आणण्याचा मान मामाचा असतो, तो येथे उरत नाही. मामा साक्षीदार म्हणून कार्यालयात सही करील तर तो रुसत नाही, उलट गावभर सांगतो. आंतरजातीय लग्नात दुसऱ्या बाजूचे आईबाप कार्यालयात येत नाहीत, तरी महिन्या-दोन महिन्यांनी जेवणाला येण्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी पुढची जागा राखून ठेवावी, स्टेजवर बोलावून संकोचात टाकू नये. जोडप्याने स्वतः त्यांच्या घरी जाऊन पत्रिका द्यावी, टपालाने पाठवू नये.

आणि आजीचे काय? तिला वर्ध्याची बस झेपत नाही, पण नातीचे लग्न डोळ्यांनी पाहायचे असते. विशेष विवाह कायद्यात त्याचीही सोय आहे. जादा फी भरून, वाजवी अंतरावर, विवाह अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेर बोलावता येते. नोटीस देतानाच त्याची चौकशी करावी.