बालकांतील वेदना

बालकांतील वेदना : ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या–पेशींच्या–समूहांना) झालेल्या वा होऊ शकणाऱ्या इजेशी निगडित असलेल्या अथवा तशाच भासणाऱ्या अप्रिय संवेदनात्मक व भावनिक अनुभवास वेदना म्हणतात. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघाने १९७९ मध्ये केलेली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. वेदना शब्दांत सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, असे तिच्या विवरणात नमूद आहे. बालकांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे ठरते.

नवजात अर्भकाच्या तंत्रिकांवरील (मज्जातंतूंवरील) मायेलिन आवरण अपुरे असल्याने त्यास वेदना फारशी जाणवत नाही, असा समज १९८० च्या दशकापर्यंत प्रचलित होता. त्यामुळे पुष्कळदा स्नायू शिथिल करणारे औषध व सौम्य शुद्धिहारक वायू एवढ्यावरच अर्भकांच्या शस्त्रक्रिया होत. वस्तुतः प्रौढांतही वेदनासंदेशांचा काही भाग आवरणरहित तंतूंमार्फतच वाहून नेला जातो. उलट, मेंदूकडून मेरुरज्जूकडे येणारी वेदनारोधक यंत्रणा अर्भकात अपक्व असते. के. जे. एस. आनंद व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटॅनिल हे वेदनाशामक दिल्यास शरीरावरील ताण व नंतरचे उपद्रव कमी होतात, असे आढळले. वेदनेचा ठसाही मागे राहतो. भूल न देता सुंता केलेल्या मुलांनी चार ते सहा महिन्यांनी लस टोचताना अधिक तीव्र प्रतिक्रिया दाखविल्याचे १९९७ मध्ये दिसून आले.

मूल्यमापन : मुलाचे स्वतःचे कथन हा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय, मात्र त्याची पद्धत वयानुसार बदलते. बोलता न येणाऱ्या बालकाचा चेहरा, पायांची स्थिती, शरीराची हालचाल, रडणे व समजूत पटण्याची शक्यता या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन १० पैकी बेरीज करतात. साधारण चार वर्षांपासून सहा चेहऱ्यांच्या चित्रपट्टीवर मूल आपल्या वेदनेशी जुळणारा चेहरा दाखवू शकते. सुमारे आठ वर्षांनंतर ० ते १० ही अंकश्रेणी वापरता येते. निपचित पडलेले मूल वेदनामुक्तच असते असे नाही. हालचालीने दुखते म्हणूनही ते स्तब्ध राहते. सुईच्या भीतीने मुले दुखणे लपवितात, तर किशोरवयीन मुले संकोचाने ते कमी करून सांगतात. यासाठी आईवडिलांना मुलाच्या वागण्यात जाणवलेला बदल विचारात घेणे आवश्यक असते.

चिकित्सा : सौम्य वेदनेवर पॅरॅसिटॅमॉल हे प्रमुख औषध असून त्याची मात्रा वजनाच्या दर किग्रॅ.स १० ते १५ मिग्रॅ. असते, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवतात. अतिमात्रेने यकृतास गंभीर इजा होते. डेंग्यूची शंका असल्यास आयब्युप्रोफेन टाळतात. राय लक्षणसमूहाच्या धोक्यामुळे मुलांना वेदनाशामक म्हणून ॲस्पिरीन देत नाहीत. भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडच्या वापरावर २०११ पासून बंदी आहे. काही मुलांच्या शरीरात कोडिनाचे मॉर्फिनात रूपांतर अतिशीघ्र होऊन श्वसन मंदावते. म्हणून या वयोगटात तेही वर्ज्य मानतात. तीव्र वेदनेवर मॉर्फीन वैद्यकीय देखरेखीखाली अवश्य द्यावे. केवळ व्यसनाच्या भीतीने ते नाकारणे योग्य नव्हे.

लस टोचताना अर्भकास स्तनपान देणे किंवा छातीशी उघड्या अंगाने धरणे, मोठ्या मुलास मांडीवर बसविणे, साबणाचे फुगे फुंकावयास लावणे व त्वचा बधिर करणारे मलम सुमारे तासभर आधी लावणे हे उपाय उपयुक्त आहेत. ‘मुळीच दुखणार नाही’ असे खोटे सांगितल्यास मुलाचा विश्वास उडतो व पुढच्या वेळी भीती वाढते.

दीर्घकालीन वेदना : तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वा पुनःपुन्हा उद्‌भवणाऱ्या वेदनेत डोकेदुखी, पोटदुखी व स्नायू-सांध्यांचे दुखणे प्रामुख्याने आढळते. तपासणीत दोष न आढळला, तरी वेदना खोटी ठरत नाही. व्यायाम, पुरेशी झोप, मानसोपचार व शाळेत क्रमाने परतणे यांवर भर देतात. मात्र वजन घटणे, ताप, सांध्याची सूज, लंगडणे वा दुखण्याने झोपमोड होणे ही लक्षणे असल्यास सखोल तपासणी करतात.

महाराष्ट्रात विदर्भात व सातपुड्याच्या परिसरात आढळणाऱ्या सिकल सेल (दात्रकोशिका) रोगात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या कोशिका सूक्ष्म वाहिन्यांत अडकून तीव्र वेदनेचे झटके येतात; लहानग्यांत प्रथम हातपाय सुजतात. निर्जलीभवन, थंडी व संसर्ग टाळल्याने, तसेच हायड्रॉक्सियूरिया नियमित दिल्याने झटके कमी होतात. अशा मुलाचे वारंवार दुखणे म्हणजे शाळा चुकविण्याचा बहाणा नव्हे, हे शिक्षकांना ठाऊक असणे उपचाराइतकेच महत्त्वाचे आहे.