आधी श्रवणयंत्र बघा, मग फोन!

धरमपुरी-धारकडच्या मंडळींनो, आजी-आजोबांसाठी नवा फोन घेताय? कॅमेरा राहू द्या, आधी श्रवणयंत्राचा खोका बघा.

👉 ‘मेड फॉर आयफोन’ लिहिलंय? आयफोनला थेट जोडता येतं. अँड्रॉइडवर चालेलच असं नाही.

👉 ‘एएसएचए’ असेल तर अँड्रॉइड १० पासून थेट जोडायची सोय आहे, पण प्रत्येक मॉडेलमध्ये नाही.

👉 दिसत नसेल तर स्क्रीन वाचून दाखवायला आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक. दोन्ही फुकट. मराठी आवाजही दोन्हींकडे; आयफोनवर तो २०२२ च्या आयओएस १६ मध्ये आला.

👉 ब्रेल डिस्प्ले असेल तर त्याचं मॉडेल फोनला चालणाऱ्या ब्रेल डिस्प्लेंच्या यादीत आहे का, तेही बघा.

दुकानात यंत्र घेऊनच जा. जोडा, एक कॉल लावा, आवाज नीट आला तरच पैसे द्या. खरेदीनंतर इंदूरच्या खेपा वाचतील!