घटपर्णीला खत नको

घटपर्णीच्या पानाच्या टोकाला झाकणाचा छोटा घट लोंबतो. गोड रसाला भुललेली मुंगी काठावरून घसरते आणि घटातल्या पाण्यात पडून पचून जाते. हे झाड निकस जमिनीत वाढतं, म्हणून अन्न असं वरून मिळवतं. भारतात तिची एकच जात रानात उगवते, तीही मेघालयाच्या डोंगरांत. गारो लोक तिला मेमांग-कोकसी, म्हणजे भुताची टोपली म्हणतात.

म्हणून पहिला नियम: कुंडीत शेणखत, युरिया घालायचा नाही, मुळं जळतात. काळी मातीही नको. नारळाचा भुसा दोन-तीनदा धुऊन भरा, कुंडीला भोकं ठेवा. बोअरच्या पाण्यातले क्षार तिला सोसत नाहीत. पावसाचं पाणी साठवून घाला. भुसा ओला राहावा, पण पाणी तुंबू नये. सकाळचं कोवळं ऊन पुरे. हवा कोरडी पडली की नवे घट धरत नाहीत, तेव्हा उन्हाळ्यात पानांवर पाणी फवारा. घटात मटणाचे तुकडे टाकू नका, कुजतात.

रोप नर्सरीत वाढवलेलं, संकरित घ्या. ते सांभाळायला सोपं. रानातून उपटलेलं कुणी स्वस्तात देऊ केलं, तरी नको म्हणा. उपटून नेल्यानेही मेघालयातली घटपर्णी दुर्मीळ झाली आहे.