तानसाची थंडी आणि मोडलेला बांध

जानेवारीतल्या एका रविवारी फजरची नमाज भिवंडीत अदा करून आम्ही पाच मित्र चार मोटारसायकलींवर तानसाकडे निघालो. दोघे शिक्षक, एक गॅरेजवाला, एक यंत्रमागवाला आणि एकाचे किराणा दुकान. स्वेटरवर जाकीट, त्यावर मफलर, तरी नाशिक महामार्गावर बोटे क्लचवर बधिर झाली. आटगावला चहाचा ग्लास पिण्याआधी बराच वेळ नुसता हातात धरून बसलो.

१८९२ साली पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे पाणी मुंबई आजही पिते. भोवतालचे अभयारण्य सुमारे ३२० चौरस किलोमीटरचे आहे. नामशेष झाला असे समजून ज्याची आशा सोडली होती तो रानपिंगळा २०१४ मध्ये इथे आढळला. अशा जंगलात कच्च्या वाटांवर गाड्या घालायचा आमचा बेत होता. नाक्यावरच्या वनरक्षकाने तो शांतपणे मोडला. परवानगीशिवाय आत शिरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हे निघण्यापूर्वी माहीत करून घ्यायला हवे होते, आणि आमच्यात तर दोन मास्तर!

मग अभयारण्याबाहेर, पाड्यांना जोडणारी बैलगाडीची वाट धरली. गॅरेजवाल्याने सगळ्यांच्या टायरमधली हवा थोडी कमी केली, म्हणजे खडीवर पकड राहते. उभे राहून चालवा, नजर चाकाशी नको, पुढे ठेवा, सागाच्या दवाने भिजलेल्या पाचोळ्यावर पुढचा ब्रेक दाबू नका, असे त्याने बजावले. तासभर फार मजा आली. दोनदा आम्ही पडलो, पण लागले फक्त अभिमानाला.

पुढे वाट वळसा घेत होती आणि समोर भात कापलेली खाचरे मोकळी दिसत होती. वेळ वाचवायला आम्ही सरळ घुसलो. तिसऱ्या गाडीचे मागचे चाक बांधावर गरगर फिरले आणि हातभर बांध ढासळला. पलीकडच्या खाचरात वाल पेरलेला होता. त्याच्या दोन ओळी चाकाखाली गेल्या.

एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यामुळे आम्हाला जास्तच ओशाळवाणे वाटले. आम्ही पाचशेची नोट पुढे केली. त्या म्हणाल्या, ‘‘पैशानं बांध बसतो का? पावसात पाणी कुठं थांबंल?’’

खाचराचे सगळे भात त्या मातीच्या बांधावर उभे असते. तो फुटला की पाणी जाते, पाण्याबरोबर गाळ जातो. हुकूकुल्-इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, हा धडा आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. ज्याचा हक्क मारला त्याने माफ केल्याशिवाय नुसत्या तौबेने तो फिटत नाही, हेही सांगतो. आमच्या गाडीचे चाक मात्र त्या धड्याच्या बाहेर राहिले होते.

बाईंकडूनच फावडे आणि घमेले मागून घेतले. ढेकळे फोडली, खाली दगड बसवले, वर ओली माती घालून पायांनी चोपली. यंत्रमागवाल्याच्या तळहाताला फोड आले. बाई बसून चुका दाखवत होत्या. एकदा तर अर्धे काम उकरून पुन्हा करायला लावले. दोन तास गेले. वालाचे पैसे मात्र त्यांनी आढेवेढे घेत का होईना, घेतले.

जोहरची वेळ झाली तेव्हा त्यांच्याच परवानगीने खळ्यावर नमाज पढलो. वुजू पाड्याच्या हातपंपावर केला. त्या थंडीत ते पाणी कोमट लागले. गॅरेजवाल्याने पहाटे पूर्ण वुजू करून चामडी मोजे घातले होते, त्याने पाय न धुता फक्त मसह केला. मुक्कामी माणसाला ही सवलत एक दिवस-रात्र, प्रवाशाला तीन. आम्ही घरापासून प्रवासी ठरण्याइतके दूर नव्हतो, म्हणून रकातीही पूर्ण चार.

परतताना सगळ्यांनी गाड्या वाटेवर येईपर्यंत हाताने ढकलत नेल्या. बांध धरला की नाही ते लावणीच्या दिवसांत पाहायला जायचे आहे. फावडे या वेळी आम्ही घरून नेणार आहोत.