तीन मिलिमीटरचा प्रश्न

बोईसरहून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की तारापूरचं अणुवीज केंद्र लागतं. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या, ५४० मेगावॅटच्या पुढच्या दोन २००५-०६ मधल्या. चारही अरबी समुद्राच्या काठी बांधल्या त्या पाण्याच्या सोयीसाठी. भट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांश उष्णतेचीच वीज होते, बाकीची समुद्राला द्यावी लागते. भट्टीतलं पाणी आणि समुद्राचं पाणी मात्र कधीच एकमेकांत मिसळत नाही. त्यांच्यामध्ये धातूच्या नळ्या असतात आणि उष्णता तेवढी त्यांतून पलीकडे जाते.

याच परिसरात कारखान्यांसाठी थ्रीडी ड्रॉइंग करणाऱ्यांच्या, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांच्या आणि गेम खेळणाऱ्या मुलांच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये हेच तत्त्व छोट्या आकारात काम करतं. प्रोसेसरवर तांब्याची थंड पट्टी बसते. तिच्या आतल्या बाजूला केसांसारख्या बारीक खाचा असतात आणि पंप त्यांतून ग्लायकॉलमिश्रित पाणी खेळवतो. तापलेलं पाणी एका नळीतून रेडिएटरकडे जातं, पंखे त्याची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतात आणि निवलेलं पाणी दुसऱ्या नळीतून परत येतं. आतलं पाणी बंदिस्तच राहतं. तारापूरला समुद्र आहे, इथे समुद्राच्या जागी खोलीतली हवा.

हे यंत्र, म्हणजे लिक्विड कूलर, मला मनापासून आवडतं. पण ते विकत घेणाऱ्याचं लक्ष बहुतेक वेळा रेडिएटरच्या लांबीवर आणि दिव्यांच्या रंगांवर असतं. ते बसणार कुठे, हा प्रश्न शेवटी येतो. खरं तर तो पहिला विचारायला हवा, कारण कूलरचं सगळं सामर्थ्य मदरबोर्डावरच्या चार छिद्रांवर टांगलेलं असतं.

इंटेलच्या बोर्डांची गोष्ट घ्या. २००९ च्या एलजीए ११५६ पासून २०२० च्या एलजीए १२०० पर्यंत प्रोसेसर बसवायच्या जागा, म्हणजे सॉकेट, बदलत गेली, पण कूलरच्या छिद्रांमधलं अंतर ७५ मिलिमीटरच राहिलं. जुना कूलर नव्या बोर्डावर निमूट बसायचा आणि लोकांना त्याची सवय झाली. २०२१ च्या अखेरीस एलजीए १७०० आलं आणि हे अंतर ७८ मिलिमीटर झालं. फरक फक्त तीन मिलिमीटरचा, पण तेवढ्याने जुनी ब्रॅकेट निकामी ठरली. आसुसच्या काही झेड६९० बोर्डांवर तर दोन्ही मापांची छिद्रं पाडलेली होती. २०२४ च्या एलजीए १८५१ नेही ७८ च कायम ठेवल्यामुळे १७०० चे बहुतेक कूलर तिथे चालतात.

छिद्रं जुळली म्हणजे काम झालं, असंही नाही. एलजीए १७०० चा प्रोसेसर आधीच्यापेक्षा सुमारे पाऊण मिलिमीटर बुटका बसतो. जुन्या उंचीचे स्क्रूखुंट वापरले तर सगळं घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण तांब्याची पट्टी प्रोसेसरवर पुरेशी दाबली जात नाही. कॉम्प्युटर सुरू होतो, विंडोजही येतं. काम टाकलं की मात्र तापमान शंभरीकडे धावतं आणि प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मग कूलर बदनाम होतो. म्हणून कूलर बसवायला तुमच्या सॉकेटचाच किट हवा. स्क्रूही समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडेथोडे आवळायचे, म्हणजे दाब सारखा पडतो आणि प्रोसेसर आणि पट्टीमधली थर्मल पेस्ट एका बाजूला सरकत नाही.

एएमडीकडे कोडं वेगळं आहे. एएम४ आणि २०२२ चं एएम५ यांच्या छिद्रांची मापं एकच, म्हणून ‘एएम४चा कूलर एएम५ला चालतो’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. त्याला एक अट आहे. एएम४ बोर्डामागची बॅकप्लेट काढता येत होती. एएम५ वर तिला सॉकेटच जखडलेलं असतं, त्यामुळे ती तिथेच राहते. जो कूलर बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटवर बसतो तो चालेल. ज्याला स्वतःची बॅकप्लेट लागते तो चालणार नाही.

छिद्रांनंतर जागा बघायची. २७ मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ मिलिमीटरचा पंखा मिळून ५२ मिलिमीटर होतात. कॅबिनेटच्या छताला हे लावलं की खाली उंच दिव्यांची रॅम किंवा व्हीआरएमवरचा (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डाच्या भागावरचा) धातूचा ठोकळा आडवा येऊ शकतो. छताला जमत नसेल तर पुढे लावावा, पण रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर राहायला हवं. लूपमधली हवा सर्वांत उंच जागी जमते आणि ती जागा पंपाची नसावी.

स्वस्त बोर्ड घेणाऱ्यांनी व्हीआरएमचा विचार नक्की करावा. साध्या पंख्याची थोडीफार हवा त्या भागावर जात असते, लिक्विड कूलर लावला की ती थांबते. आर्क्टिकने लिक्विड फ्रीझर २ च्या पंपावरच छोटा पंखा दिला, तो यासाठी.

जोडण्यांमध्ये एकच चूक महागात पडते. पाच व्होल्टच्या तीन पिनी दिव्यांची वायर बारा व्होल्टच्या चार पिनी जागी घातली की दिवे जळतात. पंपाची वायर शक्यतो पंपासाठीच्या हेडरला द्यावी आणि पंप पूर्ण वेगाने चालवावा. बोर्डावर सीपीयू फॅनची जागा रिकामी राहिली तर पुष्कळ बोर्ड चालू होतानाच तक्रार करतात.

आपल्याकडच्या हवेबद्दलही सांगायला हवं. दमट हवेमुळे नळ्यांवर दव धरून बोर्ड भिजेल, ही भीती अनाठायी आहे. असा कूलर खोलीच्या तापमानाखाली जातच नाही, मग दव धरणार कसं? पण त्याच कारणाने मे महिन्यात खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. किनाऱ्याची खारी हवा ॲल्युमिनियमच्या पात्यांना आणि धूळ हवेच्या वाटेला त्रास देते, म्हणून ब्रशने रेडिएटर साफ करत राहावं.

प्रत्येकाला याची गरज आहे का? ६५ वॅटच्या प्रोसेसरला चांगला एअर कूलर पुरतो. त्यात पंप बंद पडण्याची भानगड नाही आणि पैसेही वाचतात. २५३ वॅटपर्यंत जाणाऱ्या आय९-१४९००के सारख्या प्रोसेसरला मात्र ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर शोभतो.

बोईसर-पालघरहून डहाणू लोकल पकडून मुंबईत लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरच्या खरेदीला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव कागदावर लिहून न्या. दुकानातच खोकं उघडायला लावा आणि आपल्या सॉकेटची ब्रॅकेट व स्क्रू आत आहेत हे डोळ्यांनी बघूनच पैसे द्या.